देव पाण्यात घालून बसण्याचा महिना

२८ सप्टेंबर २०११ च्या रात्री बोस्टनमधील बेसबॉलप्रेमींवर मोठा विचित्र प्रसंग ओढवला होता. आपला ‘रेड सॉक्स’ संघ बाल्टिमोरमध्ये जिंकावा, ही त्यांची इच्छा स्वाभाविकच होती. पण तेवढ्याने भागणार नव्हते. त्याच वेळी फ्लोरिडात ‘टॅम्पा बे रेज’ या संघाविरुद्ध ‘न्यूयॉर्क यांकीज’ जिंकावेत, अशीही त्यांना मनोमन प्रार्थना करावी लागत होती. बोस्टनच्या माणसाने यांकीजच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसावे, यातील विपर्यास अमेरिकेबाहेरच्या वाचकाला चटकन उमगणार नाही. १९२० च्या आरंभी रेड सॉक्सने बेब रूथ हा आपला अलौकिक खेळाडू यांकीजला विकल्याचे जाहीर झाले. पुढे यांकीज जगज्जेतेपदांमागून जगज्जेतेपदे मिळवीत गेले, आणि १९१८ मध्ये अजिंक्य ठरलेल्या रेड सॉक्सला पुढच्या अजिंक्यपदासाठी २००४ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षे, थांबावे लागले. या काळात बोस्टनमध्ये यांकीजचा द्वेष वडिलांकडून मुलाकडे वारसाहक्काने येत राहिला. त्या रात्री तो द्वेष काही तासांपुरता गिळावा लागला.

ही वेळ का आली, हे समजण्यासाठी बेसबॉलच्या हंगामाची रचना पाहायला हवी. आयपीएलमध्ये साखळी फेरीत एक संघ १४ सामने खेळतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तो १६२ सामने खेळतो. मार्चच्या अखेरीस अथवा एप्रिलमध्ये सुरू होणारा हा हंगाम सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज चालू असतो. उत्तमातला उत्तम संघही वर्षाकाठी साठएक सामने हरतो. त्यामुळे मे महिन्यातील पराभवाचे पाठीराख्याला फारसे सुतक नसते. रेडिओ लावावा, स्वयंपाक करता करता ऐकावे, हरले तर उद्या पुन्हा सामना आहेच, असा तो संथ संसार असतो. सप्टेंबर उजाडला की मात्र ‘उद्या’ मोजके उरतात.

मग सकाळच्या वर्तमानपत्रातील गुणतक्ता हा पोथीसारखा रोज वाचायचा मजकूर होतो. त्यात ‘गेम्स बिहाइंड’ नावाचा एक रकाना असतो. आघाडीवरील संघापेक्षा आपण किती सामने मागे आहोत, हे तो सांगतो. विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून निम्मी करायची, की हा आकडा मिळतो. समजा, पहिल्या संघाचे ९० विजय व ६० पराभव आहेत आणि दुसऱ्याचे ८६ विजय व ६४ पराभव. तर दुसरा संघ चार सामने मागे आहे. दोन्ही संघांचे खेळून झालेले सामने सारखे नसतील, तर हा आकडा ‘अर्ध्या’तही येऊ शकतो. अर्धा सामना म्हणजे काय, असे नवख्याला वाटते. पाठीराख्याला मात्र त्या अर्ध्यावरून रात्री झोप येत नाही.

दुसरा आकडा ‘मॅजिक नंबर’. १६३ मधून आघाडीच्या संघाचे विजय व पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा केले, की तो मिळतो. वरच्या उदाहरणात तो नऊ येईल. आपण एक सामना जिंकला की तो एकाने उतरतो, आणि प्रतिस्पर्धी एक सामना हरला तरीही एकानेच उतरतो. सप्टेंबरमधील साऱ्या घालमेलीचे मूळ या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. ज्या सामन्यात आपला संघ मैदानावरही नाही, तो सामना आपल्या विजयाइतकाच मोलाचा होऊन बसतो. आपल्या मैदानावरील खेळ पाहायचा आणि नजर मात्र दूरच्या शहरातील गुणफलकावर ठेवायची, हा पाठीराख्यांचा या महिन्यातील नित्यक्रम असतो. क्रिकेटच्या विश्वचषकात भारताचे ‘जर-तर’ सुरू झाले, की इथला प्रेक्षकही परक्या दोन संघांच्या सामन्यात अशीच बाजू घेतो. तिथे ते दोन-चार दिवसांत आटोपते. अमेरिकेत ते महिनाभर, रोज रात्री चालते.

या शर्यतीत मागून येणारा सुखी की पुढे असणारा? व्यवहारज्ञान सांगेल, की पुढे असणारा. पाठीराख्यांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. मागच्या संघाच्या माणसाने ऑगस्टमध्येच आशा सोडलेली असते. त्यानंतर पदरात पडणारा प्रत्येक विजय हा त्याला वरकमाईसारखा असतो. पुढच्या संघाच्या माणसाने मात्र मनातल्या मनात अंतिम टप्प्याची तिकिटे काढून ठेवलेली असतात. त्याला मिळण्यासारखे नवे काही नसते, जे आहे ते फक्त गमावता येते. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सुप्रसिद्ध सिद्धांतानुसार, तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. त्या दोघांनी विचार पैशाच्या व्यवहारांचा केला होता. पण सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावरील संघाच्या पाठीराख्याचा चेहरा पाहिला, तर वेगळ्या पुराव्याची गरज भासू नये.

२०११ चा रेड सॉक्स संघ हे त्याचे उत्तम उदाहरण. पहिल्या १२ पैकी १० सामने गमावून या संघाने हंगाम सुरू केला, मग तो असा सावरला की ऑगस्टअखेर त्याच्या खात्यावर ८३ विजय व ५२ पराभव होते. त्या काळी प्रत्येक लीगमधील तीन गटविजेते आणि उरलेल्यांपैकी सर्वोत्तम एक संघ, ज्याला ‘वाइल्ड कार्ड’ म्हणतात, असे चारच संघ पुढे जात. ३ सप्टेंबरला बोस्टन हे टॅम्पा बेच्या नऊ सामने पुढे होते. संख्याशास्त्रज्ञांच्या गणितात बोस्टन पुढे जाण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक होती.

आणि मग गळती लागली. सप्टेंबरमधील २७ सामन्यांपैकी बोस्टनने २० गमावले. साऱ्या महिन्यात लागोपाठ दोन विजय म्हणून मिळाले नाहीत. एखादी इमारत एका धक्क्यात कोसळली तर माणूस हादरतो, रडतो आणि सावरतो. पण भिंतीला रोज एक नवी चीर दिसावी आणि आपल्याला नुसते बघत राहावे लागावे, तशी ही गत होती. नऊचे सात झाले, तेव्हा बोस्टनवाले हसले. पुढे आघाडी चारवर, दोनवर आली, तसे जुने लोक १९७८ चे नाव काढू लागले. त्या वर्षी जुलैमध्ये यांकीज १४ सामने मागे होते. हंगामअखेर दोन्ही संघ ९९ विजयांवर बरोबरीत आले आणि २ ऑक्टोबरला बोस्टनच्याच फेनवे पार्कवर झालेल्या निर्णायक सामन्यात बकी डेंट या एरवी जोरकस फटक्यांसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूच्या होम रनमुळे बोस्टनने आघाडी गमावली आणि पुढे सामनाही ५-४ असा गमावला. बोस्टनच्या घराघरांत ही कथा रूथच्या विक्रीइतकीच पाठ आहे. खरे तर २०११ च्या संघातील कोणाचाही १९७८ शी काडीचा संबंध नव्हता. पण पाठीराख्याची स्मृती अशी हिशेबी नसते. त्याच्या दृष्टीने संघ एकच असतो, खेळाडू फक्त बदलतात.

अखेरच्या दिवशी दोन्ही संघ ९० विजय व ७१ पराभव अशा बरोबरीत होते. दोघे जिंकले किंवा दोघे हरले, तर दुसऱ्या दिवशी निर्णायक सामना. एक जिंकला आणि एक हरला, तर तिथेच निकाल. रात्री दहाच्या सुमारास सारे काही बोस्टनच्या मनासारखे चालले होते. बाल्टिमोरमध्ये रेड सॉक्स ३-२ ने पुढे होते आणि सातव्या डावात पावसामुळे खेळ थांबला होता. फ्लोरिडात यांकीज तब्बल ७-० ने पुढे होते. तेथील मैदानातून अनेक प्रेक्षकांनी घरचा रस्ता धरला होता.

पाऊस ८६ मिनिटे चालला. ही ८६ मिनिटे म्हणजे पाठीराख्याच्या अगतिकतेचा अर्कच होता. आपला संघ ड्रेसिंग रूममध्ये बसलेला, पाठीराखा घरात बसलेला, आणि दोघेही दूरचित्रवाणीवर तिसऱ्याच मैदानाकडे पाहत आहेत. यांकीजचे अव्वल स्थान आधीच निश्चित झाले होते. त्यामुळे आपल्या सर्वोत्तम चेंडूफेक्याला, मारियानो रिव्हेराला, त्यांनी त्या रात्री वापरलेच नाही. ज्यांच्यावर भिस्त ठेवावी, त्यांना त्या सामन्याचे काही पडलेले नव्हते. आठव्या डावात टॅम्पा बेने सहा धावा काढल्या, त्यातल्या शेवटच्या तीन एव्हान लाँगोरियाच्या होम रनवर. ७-६. नवव्या डावात दोन फलंदाज बाद, दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे एक चेंडू चुकला की सामना संपला. अशा वेळी फलंदाजीला होता डॅन जॉन्सन. त्याची त्या हंगामातील सरासरी होती ०.१०८, म्हणजे शंभर वेळा मैदानात उतरला तर जेमतेम अकरा वेळा यशस्वी. त्याने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला. ७-७.

तिकडे पाऊस थांबून खेळ पुन्हा सुरू झाला होता. आठ डावांअखेर आघाडीवर असताना बोस्टन त्या वर्षी एकदाही हरले नव्हते. असे ७७ पैकी ७७ सामने त्यांनी जिंकले होते. नवव्या डावात जोनाथन पॅपेलबॉनने पहिले दोन फलंदाज बाद केले. एकच उरला. मग ख्रिस डेव्हिसचा दोन बेसचा फटका, नोलन रायमोल्डचा तसाच फटका आणि बरोबरी. पाठोपाठ रॉबर्ट अँडिनोने मारलेला चेंडू डावीकडे कार्ल क्रॉफर्डच्या पुढ्यात पडला. घसरत गेलेल्या क्रॉफर्डला तो झेलता आला नाही. बाल्टिमोर ४-३ ने विजयी. हा क्रॉफर्ड आदल्या वर्षापर्यंत टॅम्पा बेचाच लाडका खेळाडू होता आणि १४ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर बोस्टनला आला होता, हा योगायोग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर समीक्षकांनी त्याला नावे ठेवली असती.

बोस्टनच्या पराभवाची बातमी फ्लोरिडातील मैदानात पोचली, तेव्हा तेथे बारावा डाव चालू होता. जल्लोष विरतो न विरतो तोच लाँगोरियाचा फटका डावीकडच्या ठेंगण्या भिंतीवरून पलीकडे गेला. टॅम्पा बे ८-७ ने विजयी. दोन निकालांमध्ये अंतर होते सुमारे तीन मिनिटांचे. बोस्टनच्या माणसाजवळ निर्णायक सामन्याची आशा होती ती एवढ्याच तीन मिनिटांपुरती.

त्याच रात्री दुसऱ्या लीगमध्येही असाच एक डाव उधळला गेला. ऑगस्टच्या अखेरीस सेंट लुइस कार्डिनल्सपेक्षा साडेदहा सामने पुढे असलेला अटलांटा ब्रेव्हज संघ तेराव्या डावात हरून स्पर्धेबाहेर पडला. कार्डिनल्स पुढे गेले आणि त्या वर्षीचे जगज्जेतेही झाले. अटलांटाच्या दुःखाची चर्चा मात्र बोस्टनच्या तुलनेत फारच कमी झाली. दुःखालाही कीर्ती लागते, आणि ती बोस्टनने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली होती.

त्यानंतरच्या दिवसांत बोस्टनमध्ये सुरू झाला तो अपराध्याचा शोध. व्यवस्थापक टेरी फ्रँकोना दोनच दिवसांत पायउतार झाले. काही चेंडूफेके सामना चालू असताना आत बसून बिअर आणि तळलेल्या कोंबडीचा समाचार घेत होते, असे ऑक्टोबरमध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने प्रसिद्ध केले आणि शहराला हवे ते कारण सापडले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये विद्यापीठीय फुटबॉलबाबत केलेल्या अभ्यासात असे आढळले होते, की संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात आणि हरला की ‘ते हरले’. तळलेल्या कोंबडीने बोस्टनवाल्यांना ‘ते’ म्हणण्याची सोय करून दिली, असे म्हणता येईल. अर्थात, ती फार दिवस टिकली नाही. २०१३ मध्ये संघ जगज्जेता झाला आणि सारे शहर पुन्हा ‘आम्ही’ झाले.

पुढच्याच वर्षी, २०१२ पासून, प्रत्येक लीगमध्ये आणखी एका वाइल्ड कार्ड संघाला प्रवेश मिळू लागला. २०२२ पासून तर प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात आणि बरोबरी झाल्यास निर्णायक सामना न होता आपसातील निकालांवरून फैसला केला जातो. आजच्या नियमांत २०११ चे बोस्टन आणि टॅम्पा बे दोघेही सुखाने पुढे गेले असते आणि ती रात्र कोणाच्या लक्षातही राहिली नसती. दारे वाढली, पण शेवटच्या दाराशी होणारी चेंगराचेंगरी काही थांबली नाही. आता ती चौथ्या क्रमांकाऐवजी सहाव्यासाठी होते एवढेच. शिवाय २०१५ पासून साखळीच्या अखेरच्या दिवशीचे सर्व सामने एकाच वेळी, पूर्व किनाऱ्यावर दुपारी तीनच्या सुमारास सुरू केले जातात. त्यामुळे पाठीराख्याला आता आपला सामना संपवून दुसऱ्याच्या सामन्याची वाट पाहत बसावे लागत नाही. दोन्ही सामने त्याला एकदमच पाहावे लागतात.