शॉक, नाणं आणि पाच सेकंद

सायकोपॅथ ओळखण्यासाठी हेअर या मानसशास्त्रज्ञाने केलेली वीस मुद्द्यांची यादी या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं. ती पुढे ढकलतो आहे, कारण सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना. एक ते बारा आकडे ओळीने येतात आणि आठवर शॉक बसतो, हा मागे सांगितलेला हेअरचा प्रयोग वाचून त्या विचारतात : आठच्या आकड्याला शॉक बसणार हे पक्कं ठाऊक असूनही ज्यांच्या बोटांना घाम फुटत नाही, ती माणसं शिक्षेतून काही शिकतच नाहीत का?

या एका प्रश्नावर संशोधकांच्या तीन पिढ्या खर्ची पडल्या आहेत. सुरुवात हेअरच्याही आधीची, मिनेसोटातली.

डेव्हिड लिकन हा १९२८ साली जन्मलेला, मिनियापोलिसचाच माणूस. मिनेसोटा विद्यापीठात शिकला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. सायकोपॅथांचं वर्णन करणाऱ्या क्लेक्लीच्या पुस्तकाने तो भारावला होता, पण त्याला एक गोष्ट खटकत होती : इतकी सुरेख वर्णनं आहेत, मोजमाप मात्र कुठेच नाही. म्हणून त्याने एक यंत्र जुळवलं. समोर चार खटके. त्यांतला एक बरोबर. तो दाबला की पुढचा टप्पा, तिथे पुन्हा तेच चार खटके, पण आता बरोबर खटका वेगळा. असे वीस टप्पे. ही वाट पाठ करायची, एवढंच समोरच्याला सांगितलेलं असे.

खरी गंमत चुकांमध्ये होती. प्रत्येक टप्प्यावर तीन चुकीचे खटके. त्यांतले दोन निरुपद्रवी, तिसरा दाबला की विजेचा झटका. तो टाळा असं कुणी सांगत नव्हतं. टाळला म्हणून कुणी शाबासकीही देत नव्हतं. कुणी काहीच न शिकता चुकत राहिला, तर साधारण तीन चुकांमागे एक शॉक बसणार. या प्रमाणाच्या खाली जो जाईल त्याच्या अंगाने, त्याच्या नकळतही, भीतीचा धडा घेतला असं समजायचं. एका साध्या पाठांतराच्या पोटात लिकनने दुसरी परीक्षा दडवून ठेवली होती. प्रयोग कसा रचावा हे कुणाला शिकवायचं असेल, तर मी आजही हाच दाखवतो.

वाट पाठ करण्यात क्लेक्लीच्या वर्णनात बसणारे कैदी कुणापेक्षा मागे नव्हते. बुद्धी शाबूत होती, लक्षही होतं. पण शॉकचा खटका चुकवायला बाहेरची साधी तरुण मंडळी आपोआप शिकली आणि हे कैदी जवळजवळ शिकलेच नाहीत. १९५७ साली हा निबंध छापून आला आणि लिकनचा निष्कर्ष असा होता की या माणसांच्या जडणघडणीत भीतीच कमी आहे. खोट, बिघाड, आजार असे शब्द त्याने टाळले. पुढे तर तो म्हणू लागला की शूर माणूस आणि सायकोपॅथ हे एकाच फांदीचे कोंब आहेत. त्याचं आवडतं उदाहरण चक येगर या वैमानिकाचं. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी येगरने ध्वनीचा वेग ओलांडला, तेव्हा घोड्यावरून पडून मोडलेल्या बरगड्या त्याने वरिष्ठांपासून लपवल्या होत्या आणि विमानाचं दार लावता येईना म्हणून झाडूच्या दांड्याचा तुकडा सोबत घेतला होता. एवढ्या निधड्या छातीचा मुलगा वाया जात नाही, त्यामागे घरातले संस्कार असतात, असं लिकन ठामपणे मांडत असे. मला हे बरंचसं पटतं.

पण बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपत नाही. मधल्या काळात शॅक्टर आणि लाताने या जोडीने याच यंत्रावर बसण्याआधी कैद्यांना अॅड्रिनलिन टोचलं, आणि तेच कैदी शॉक चुकवू लागले, असं १९६४ मध्ये नोंदवलं. ती वाट फार पुढे गेली नाही. जी गेली ती फ्रँक श्मॉकची.

श्मॉकने यंत्र तेच ठेवलं, शिक्षा बदलली. कधी शॉक, कधी प्रयोगकर्त्याच्या तोंडून 'चूक' हा शब्द, आणि कधी समोर ठेवलेल्या नाण्यांच्या राशीतून एक नाणं उचलून घ्यायचं. शॉक आणि बोलणी या दोन्हींनी सायकोपॅथ कैदी ढिम्म हलले नाहीत. नाणी जायला लागली तेव्हा मात्र ते इतरांइतकेच चटकन शिकले. एवढंच नव्हे, नाणं जाण्याच्या आधी त्यांच्या कातडीवर तो घामही दिसू लागला. साल १९७०. म्हणजे शिक्षेतून शिकण्याची ताकद या माणसांत आहे. प्रश्न आहे तो कुठली शिक्षा त्यांना लागते याचा.

यानंतर येतो माझा सर्वांत आवडता संशोधक, जोसेफ न्यूमन. विस्कॉन्सिन राज्यातल्या तुरुंगांमध्ये त्याने तीन दशकांहून जास्त काळ काम केलं. १९८७ मध्ये त्याने, पॅटरसन आणि कॉसन यांच्यासोबत, पत्त्यांचा खेळ मांडला. शंभर पानं. एकेक उघडायचं, जिंकलात तर पाच सेंट मिळणार, हरलात तर पाच सेंट जाणार, हवं तेव्हा थांबा. पहिल्या दहांत नऊ पानं जिंकणारी. पुढच्या दहांत आठ. मग सात. शेवटच्या दहांत एकही नाही. निम्म्यावर उठणारा फायद्यात.

हा खेळ मी विद्यार्थ्यांसाठी तीन कॅट एकत्र करून लाल आणि काळ्या पानांवर मांडतो. पन्नास-साठ पानांच्या आसपास हात आखडायला लागतात, चेहऱ्यावर शंका दिसते, कुणीतरी म्हणतं, 'सर, बास.' न्यूमनचे सायकोपॅथ कैदी या जागी थांबत नव्हते. एकामागून एक हरणारी पानं येत राहिली तरी ते पुढचं पान मागत आणि कमावलेलं घालवून बसत.

मग न्यूमनने एक बारीकसा बदल केला. प्रत्येक पानानंतर आतापर्यंतचा हिशेब पडद्यावर दाखवायचा आणि पाच सेकंद पुढचं पान द्यायचं नाही. बस्स. या सक्तीच्या पाच सेकंदांनी सायकोपॅथ कैदीही वेळेवर उठू लागले. नुसता हिशेब दाखवून हे साधलं नाही, थांबवावं लागलं.

न्यूमनचं म्हणणं असं की भीतीची यंत्रणा या लोकांत आहे, पण एकदा हव्या त्या गोष्टीवर डोळा गेला की कडेने येणारी धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. २०१० मध्ये त्याच्या गटाने याचा आणखी थेट पुरावा दिला. पडद्यावर लाल किंवा हिरवी अक्षरं येत. लाल आलं तर शॉकची शक्यता. अधूनमधून मोठा आवाज करून पापणी किती जोरात मिटते हे मोजायचं. कैद्याला अक्षराचा रंगच ओळखायला सांगितला, तेव्हा सायकोपॅथही इतरांसारखाच दचकला. अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल हे ओळखायला सांगितलं, की त्याचं दचकणं ओसरलं. लाल रंग तोच, शॉक तोच.

लिकनचे पाठीराखे यावर गप्प बसले नाहीत. मिनेसोटातच शिकलेल्या स्कॉट लिलिएनफेल्डने २०१५ साली एका सहकाऱ्यासोबत अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, आणि न्यूमन म्हणतो तो परिणाम दिसतो खरा, पण त्याचा आकार लहान ते मध्यम आहे, असं दाखवलं. मला विचाराल तर लिकनने माणसाचा पिंड ओळखला आणि न्यूमनने तो प्रत्यक्ष क्षणी कसा चालतो ते पाहिलं. या दोघांतला एकच निवडायची मला घाई वाटत नाही.

तेव्हा बाई, ही माणसं शिकतात. 'पुढे भोगावं लागेल' या दूरच्या धाकाने शिकत नाहीत. त्यांना हवी असलेली वस्तू तिथल्या तिथे हातची गेली, किंवा कुणी त्यांना थांबवून समोरचा हिशेब बघायला लावला, तर शिकतात. तुरुंगातली वर्षं यांतलं काहीच करत नाहीत.

पत्राच्या शेवटी तुम्ही छडी खाऊनही हसणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याबद्दल लिहिलंत. त्याला सायकोपॅथ हा शब्द मनातल्या मनातही लावू नका. आयोवा विद्यापीठाच्या ग्राझिना कोहान्स्का यांनी लहानग्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. भित्र्या मुलांत सदसद्विवेक रुजतो तो आईच्या हलक्या, समजुतीच्या शिस्तीने. निडर मुलांवर त्या शिस्तीचा फारसा परिणाम दिसला नाही. त्यांच्या बाबतीत फरक पडला तो आईशी असलेल्या विश्वासाच्या, प्रतिसाद देणाऱ्या नात्याने. अशा मुलाला रागावून काय मिळतं, यापेक्षा तो कुणाच्या मर्जीसाठी धडपडतो हे शोधणं जास्त कामाचं. तुमच्या त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं, ते जरूर कळवा. हेअरची यादी पुढच्या आठवड्यात घेतो.