वाहतुकीच्या बेटाभोवती

शाळेच्या वाटेवर पुष्कळांना एक मोठा चौक ओलांडावा लागतो. चार-पाच रस्ते तेथे एकत्र येतात आणि मध्यभागी एक गोल कट्टा असतो. कोठे त्यावर हिरवळ आणि कारंजे असते, कोठे एखाद्या थोर पुरुषाचा पुतळा, तर कोठे नुसतेच काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे दगड. या गोलाला वाहतुकीचे बेट म्हणतात; बोलताना आपण त्याला सर्कल म्हणतो. बेट हे नाव मोठे समर्पक आहे. सकाळच्या घाईच्या वेळी त्याच्या सभोवार वाहनांचा जो ओघ लोटलेला असतो, तो पुराच्या पाण्याहून निराळा दिसत नाही. अशा ओघात पाठीवर दप्तर घेतलेला एखादा सायकलस्वार शिरतो, तेव्हा त्याने काय करावे, आणि मुख्य म्हणजे ते का करावे, हे आपण या पाठात पाहू.

वाहनांना एका गोलाभोवती एकाच दिशेने फिरविण्याची कल्पना फार जुनी नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०५ साली आणि पॅरिसमध्ये १९०७ साली तिचा प्रयोग झाला. इंग्लंडमधील लेचवर्थ या उद्याननगरीत १९०९ च्या सुमारास असा चौक बांधला गेला. परंतु आधी कोणी जावयाचे, हा प्रश्न तेव्हा नीट सुटला नव्हता. बाहेरून येणारी वाहने आत घुसत, आतल्यांना बाहेर पडता येत नसे, आणि सगळे चक्रच जागच्या जागी अडून राही. शेवटी १९६६ साली ब्रिटनने नियम केला, की आत शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. आपणही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून आपल्याकडेही बेटाला उजव्या हाताशी ठेवून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरावयाचे असते आणि उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावयाची असते.

या रचनेचा लाभ मोठा आहे. साध्या चौरस्त्यावर वाहनांचे मार्ग एकमेकांना बत्तीस ठिकाणी छेदतात किंवा मिळतात. एकपदरी वर्तुळात अशी ठिकाणे आठच उरतात. शिवाय वळण घ्यावयाचे असल्याने वेग उतरतो, आणि टक्कर झालीच तर ती समोरासमोर न होता तिरकी होते. त्यामुळे मोटारीत बसलेल्या माणसांचे प्राण वाचतात. सायकलस्वाराच्या वाट्याला मात्र हा लाभ तितकासा येत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात चौकांची वर्तुळे केल्यानंतर काय घडले, याची पाहणी करण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९१ वर्तुळे होती. तेथे सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात घटण्याऐवजी सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

असे का व्हावे? अपघातानंतर मोटार हाकणारा बहुधा एकच वाक्य बोलतो, “मला तो दिसलाच नाही.” ऐकणाऱ्यांना हे वाक्य खोटे वाटते. मलाही एकदा वाटले होते. मी शाळेत असताना अशाच एका वर्तुळात एका मालवाहू टेम्पोने मला बाजूने धक्का दिला. गुडघा सोलवटला, चाक वाकले. त्याहून अधिक काही झाले नाही, हे नशीब. टेम्पोवाला खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो पुन्हापुन्हा म्हणत होता, की मी उजवीकडे पाहिले होते, रस्ता मोकळा होता. मी त्याच्यावर रागावलो होतो. पुढे पुष्कळ वर्षांनी डोळ्यांच्या कार्याविषयी वाचले, तेव्हा तो खरे बोलत असावा असे मला वाटू लागले.

आपला डोळा सगळीकडे सारखेच स्पष्ट पाहतो, असा आपला समज असतो. वस्तुतः हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढ्या भागातच दृष्टी खरी तीक्ष्ण असते. बाकीचे चित्र अंधुक असते, आणि डोळा एका सेकंदात दोन-तीन वेळा इकडून तिकडे उडी मारून ते पुरे करीत असतो. उडी चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही. मोटारवाला घाईने उजवीकडे मान फिरवितो तेव्हा त्याची दृष्टी दोन-तीन ठिकाणी टेकते. तेथे ट्रक असेल तर तो सुटत नाही. सायकलीसारखी सडपातळ वस्तू दोन टेकण्यांच्या मध्ये सहज हरवते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना छपराला आधार देणारे खांब असतात. आपल्या देशात हाकणारा उजवीकडे बसतो; म्हणून उजवा खांब त्याच्या अगदी जवळ येतो, आणि वर्तुळात फिरणारा सायकलस्वार नेमका त्याच बाजूने येत असतो. डोळ्यासमोर धरलेले बोट जसे दूरचे घर झाकते, तसा तो खांब अख्खा सायकलस्वार झाकू शकतो. तुम्ही म्हणाल, सायकल तर पुढे सरकते, मग ती खांबाआडून बाहेर येईलच. नेहमी येईल असे नाही. मोटारही पुढे सरकत असते. दोघांचे वेग जर असे जुळले, की ते एकाच वेळी एकाच बिंदूवर पोहोचावेत, तर सायकल सारा वेळ खांबाआडच राहते. दर्यावर्दी लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसरे जहाज जवळ येत असेल आणि तरीही एकाच दिशेला स्थिर दिसत असेल, तर टक्कर होणार असे ते समजतात. तुम्हांलाही ही खूण वापरता येईल. डावीकडून येणारी मोटार तुमच्या दृष्टीसमोर मागे किंवा पुढे न सरता नुसतीच मोठी होत असेल, तर ब्रेक दाबा.

तिसरे कारण मनाचे आहे. डोळा जे शोधतो तेच त्याला सापडते. १९९० नंतरच्या दशकात फिनलंडमध्ये एक निरीक्षण झाले. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. उजवीकडे वळणारे वाहनचालक डावीकडून मोटारी येतात की काय, हे पाहत. उजवीकडून येणाऱ्या सायकलीकडे मात्र पुष्कळांची नजर वळतच नसे. स्वतःला जिकडून भय, तिकडेच माणूस पाहतो. आता आपल्याकडची एक सवय आठवा. लांबचा वळसा चुकविण्यासाठी कित्येक मुले बेटाला उलट्या बाजूने वळसा घालतात. त्यांना वाटते, समोरून येणारी वाहने आपल्याला दिसत आहेत, मग भीती कसली? परंतु चौकात शिरणारा वाहनचालक पाहत असतो उजवीकडे, आणि ही मुले येतात डावीकडून. ती त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेव्हा सकाळी कारखान्यांकडे आणि कचेऱ्यांकडे जाणाऱ्या सायकलींचे थवेच्या थवे रस्त्याने जात, आणि मोटारवाल्याला त्यांची अपेक्षाच असे. आता थवे विरळ झाले आहेत, आणि एकटादुकटा सायकलस्वार अनपेक्षित ठरतो. ज्या गावी सायकली अधिक तेथे दर सायकलस्वारामागे धोका कमी, असा निष्कर्ष २००३ साली एका अभ्यासात निघाला होता. त्याचे मर्म हेच असावे. चार मित्रांनी मिळून, एकामागे एक, पण जवळजवळ राहून वर्तुळात शिरणे हे एकट्याने शिरण्यापेक्षा केव्हाही बरे.

एकट्याने जावयाचे असेल तर पहिला प्रश्न जागेचा. भित्रा सायकलस्वार कडेकडेने जातो. त्याला ते सुरक्षित वाटते. वर्तुळात मात्र ती सर्वांत वाईट जागा आहे. शिरणाऱ्याची दृष्टी कडेवर टेकत नाही, ती मोटारी जेथून येतात तेथे टेकते. शिवाय तुम्ही अगदी डावीकडे असलात, की बाहेर पडू पाहणारी मोटार तुमच्या उजवीकडून येऊन तुमच्यासमोरूनच डावीकडे वळते. म्हणून वर्तुळाच्या बऱ्याच अलीकडे मागे वळून पाहावे, वाट मिळताच आपल्या पदराच्या मध्यभागी यावे, आणि बाहेर पडेपर्यंत तेथेच राहावे. लहान वर्तुळात मोटारींचा वेगही सायकलीहून फारसा अधिक नसतो. मागच्याला क्षणभर थांबावे लागले तर त्याने थांबावे. तो भोंगा वाजवील. वाजवू द्या, ज्याअर्थी भोंगा वाजविला, त्याअर्थी त्याने तुम्हांला पाहिले आहे.

वेग शिरण्यापूर्वीच आवरावा, वळणात नव्हे. प्रत्येक रस्त्याच्या तोंडापुढून जाताना पायडल मारणे थांबवावे आणि बोटे ब्रेकवर ठेवावीत. तेथे थांबलेल्या वाहनचालकाच्या डोळ्यांकडे पाहावे असे सांगतात. ते योग्यच आहे, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. डोळे तुमच्याकडे असून मन दूरध्वनीत गुंतलेले असू शकते. वाहनाच्या पुढच्या चाकाकडे पाहिलेले अधिक बरे. गाडी हलण्याच्या पहिल्या क्षणी चाकच फिरू लागते, आणि ते कधी खोटे बोलत नाही. पुढे जावयाचे असेल तोवर उजवा हात लांबवून दाखवावा, आणि आपल्या रस्त्याच्या आधीचे तोंड ओलांडले की डावा हात दाखवून बाहेर पडावे. मात्र खड्डे असतील किंवा ब्रेकची गरज भासेल, तर दोन्ही हात हँडलवरच असावेत.

ट्रक आणि बस यांच्याविषयी एकच गोष्ट सांगतो, पण ती विसरू नका. त्यांच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नये, मग तेथे कितीही मोकळी जागा दिसो. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूने जातात. दिसणारी मोकळी जागा वळता वळता नाहीशी होते, आणि उंचावर बसलेल्या चालकाला तेथले काही दिसत नाही. अशा वाहनाच्या मागे थांबावे. त्याला जाऊ द्यावे.

पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणे निसरडी होतात. रेनकोटाची टोपी मानेबरोबर वळत नाही, म्हणून मागे पाहिले तरी टोपीचे अस्तरच दिसते. ती गळ्याशी घट्ट बांधावी किंवा मागे सारावी. आणि वर्तुळ दोन-तीन पदरी असेल, वाहने वेगाने फिरत असतील, तर सायकलीवरून सरळ खाली उतरावे व पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून चालत जावे. त्यात कमीपणा काही नाही. फार तर चार-पाच मिनिटे अधिक लागतील.

नेदरलँड्स देशात मोठ्या वर्तुळांभोवती सायकलींसाठी बहुधा निराळे कडे असते. ते मोटारींच्या मार्गापासून सुमारे एका मोटारीच्या लांबीएवढे दूर ठेवतात. त्यामुळे वाहनचालक आधी सायकलीकडे पाहतो, मग मोटारींकडे. दोन्ही कामे त्याला एकाच क्षणी करावी लागत नाहीत.

आपल्या वाटेवरचे वर्तुळ कसे आहे, हे पाहण्यासाठी एखाद्या सुट्टीच्या दिवशी तेथे पायी जा. पदपथावर सुरक्षित जागी उभे राहा आणि आत शिरणाऱ्या वीस वाहनांकडे लक्ष द्या. चाके पाहू नका, हाकणाऱ्यांच्या माना पाहा. उजवीकडे किती जणांनी पाहिले, किती जण पाहून क्षणभर थांबले, आणि डावीकडे कोणी पाहिले काय, याची वहीत नोंद करा. मग सोमवारी सायकल घेऊन निघण्यापूर्वी ती नोंद एकदा वाचा.