मोटरीला ‘थांब’ कसे सांगायचे?

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात गेलात, तर जागोजागी मोटरी फिरताना दिसतात. कन्व्हेयरचा पट्टा, पाण्याचा पंप, रंगकामाच्या खोलीतील हवा ओढणारा पंखा या सर्वांमागे बहुधा तीन फेजांची इंडक्शन मोटर असते. तिला चालू करणे सोपे, पण हव्या त्या क्षणी आणि हव्या त्या रीतीने थांबवणे अवघड. पट्ट्याशेजारी माणसे काम करत असतात, म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा नाही.

या मोटरीचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. चार ध्रुवांच्या मोटरीतील चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झला मिनिटात १५०० फेरे घेते, तर २५ हर्ट्झला ७५०. वारंवारता बदलून देणाऱ्या उपकरणाला कारखान्यात ‘व्हीएफडी’ किंवा नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात. ड्राइव्ह आधी प्रत्यावर्ती धारेचे दिष्ट धारेत रूपांतर करतो. मधल्या टप्प्यात मोठे कपॅसिटर असतात. नंतर दिष्ट धारेपासून हव्या त्या वारंवारतेची प्रत्यावर्ती धारा तयार होते.

पण कोणती वारंवारता हवी, हे ड्राइव्हला कळते कसे? त्यासाठी दूरच्या नियंत्रकाकडून दोन तारांवर संदेश येतो. एक पद्धत ० ते १० व्होल्टची. तीत दोन अडचणी आहेत. लांब तारेत काही व्होल्टता वाया जाऊ शकते आणि शेजारच्या मोटरींचा ‘गोंगाट’ संदेशात मिसळतो. दुसरी पद्धत विद्युतधारेची. एकसर जोडणीत धारा सर्वत्र सारखीच असते, हे आपण शाळेत शिकवतो. त्यामुळे तार लांब असली तरी संदेश बदलत नाही.

ही धारा मात्र ० पासून नव्हे, ४ मिलिअँपिअरपासून सुरू होते. ४ म्हणजे ० हर्ट्झ, १२ म्हणजे २५ आणि २० म्हणजे ५० हर्ट्झ. असे का? तार तुटली तर धारा शून्य होते. ‘थांब’ या संदेशालाही शून्यच ठेवले असते, तर आज्ञा आणि बिघाड यांत फरक करता आला नसता. येथे ४ मिलिअँपिअर म्हणजे ‘थांब’ आणि शून्य म्हणजे ‘तार तुटली’.

ड्राइव्हमध्ये ही मोजपट्टी आपणच निवडायची असते. नियंत्रक ४ ते २० पाठवत आहे आणि ड्राइव्ह ० ते २० वर ठेवलेला आहे, असे समजा. मग ४ मिलिअँपिअर म्हणजे १० हर्ट्झ होतील. नियंत्रक ‘वेग शून्य’ सांगत असताना पट्टा हळूहळू सरकतच राहील! तार तुटल्यावर काय करायचे, हेही ठरवून द्यावे लागते. पट्टा थांबलेला बरा, पण रंगाच्या वाफा बाहेर काढणारा पंखा आधीच्याच वेगाने चालू राहणे कदाचित अधिक सुरक्षित ठरेल. हा निर्णय माणसाचा आहे.

आता प्रत्यक्ष थांबण्याकडे वळू. वीज बंद केली की मोटर घर्षणाने आपोआप थांबते, पण जड चाकाला त्यासाठी बराच वेळ लागतो. वारंवारता क्रमाने उतरवली तर मोटर लवकर थांबते. मात्र रोटर क्षेत्राच्या पुढे धावू लागला की मोटरीचे जनित्र होते आणि वीज उलट ड्राइव्हकडे येते. ही वीज किती असते?

समजा, फिरणाऱ्या भागांचे जडत्व आघूर्ण २ किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे आणि वेग मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे १५१ रेडियन. गतिज ऊर्जा सुमारे २२,७०० ज्यूल येते. ४१५ व्होल्ट पुरवठ्यावर कपॅसिटरची व्होल्टता सुमारे ५८७ असते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८०० व्होल्टपर्यंत चढला, तरी जेमतेम १५० ज्यूल सामावतो. म्हणून घाईने थांबवल्यास जादा व्होल्टतेमुळे ड्राइव्ह स्वतःला बंद करून घेतो, आणि मोटर मोकळी फिरत राहते!

यावर उपाय तीन. पहिला, ही ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळायची. वरचे चाक पाच सेकंदांत थांबवायचे तर सरासरी साडेचार किलोवॉट उष्णता निघेल, सुरुवातीला त्याच्या दुप्पट. दुसरा, स्टेटरमध्ये दिष्ट धारा सोडायची. मग क्षेत्र स्थिर राहते आणि ऊर्जा रोटरमध्येच उष्णता बनते. रोटर थांबला की हा रोधही संपतो, म्हणून टांगलेले वजन धरायला यांत्रिक ब्रेकच हवा. तिसरा, वीज पुरवठ्याला परत द्यायची. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी धावू लागलेली पुणे मेट्रो हेच करते. ब्रेक लावताना तिच्या मोटरी वरच्या तारेत वीज परत पाठवतात.

वर्गात हे दाखवायला खेळण्यातील मोटर पुरते. तिच्या दांड्यावर जुनी सीडी घट्ट बसवा आणि सेलवर फिरवा. सेल काढून थांबायला लागणारे सेकंद मोजा. दुसऱ्यांदा सेल काढताच मोटरीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा. सीडी लवकर थांबेल. तिसऱ्यांदा तारांमध्ये विजेरीचा छोटा बल्ब जोडा. यावेळी किती सेकंद लागतील, हे मोजण्याआधी विद्यार्थ्यांना सांगायला लावा, आणि त्याचे कारणही विचारा.