रडीचा डाव आणि भिडस्त पंच

चातुर्मासात जळगाव-धुळ्याकडे आपल्या महिला मंडळांत व युवक मंडळांत धार्मिक हाउजी, प्रश्नमंजूषा, कॅरम असे खेळ रंगतात. पन्नास माणसे हौसेने खेळतात आणि एखादाच असा निघतो की ज्याला हार म्हणून मान्यच नसते. त्यात खेळ चालविण्याची जबाबदारी बहुधा घरच्या धाकट्या सुनेवर किंवा पेढीवरच्या पुतण्यावर येते. तिकीट बाद करायचे असते ते काकासाहेबांचे, आणि दुसऱ्या दिवशी वाढायचेही असते काकासाहेबांनाच. अशा भिडस्त पंचाला धीट हो म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती नियम द्यावा.

पण कोणता नियम? हाउजीतील दोन नियम पाहावेत. पुढचा आकडा पुकारण्यापूर्वी दावा केला नाही तर तो गेला, आणि खोटा दावा केला तर तिकीट बाद. हे आरंभीच सर्वांसमक्ष वाचून दाखविले, तर पुढे सुनेला निर्णय द्यावाच लागत नाही. पुढचा आकडा पुकारला की तोच निर्णय होतो. बुद्धिबळातही हीच योजना आहे. जळगावच्या जैन स्पोर्ट्स अकॅडमीच्या स्पर्धांना आपली मुले जातात, त्यांना हा नियम पाठ असतो: चाल करण्याच्या हेतूने हात लावलेली सोंगटी हलवलीच पाहिजे. केवळ नीट ठेवायची असेल तर आधी तसे बोलून दाखवावे. मात्र प्रतिस्पर्ध्याने हात लावून सोंगटी सोडली, ही तक्रार आपण स्वतःच्या सोंगटीला चालीसाठी हात लावण्यापूर्वीच करावी लागते. नंतर ती ऐकली जात नाही. भांडखोराचा सारा जोर उशिरा आठवलेल्या तक्रारीत असतो, आणि मुदत नेमकी तीच वाट बंद करते. माल उतरल्यावर कडत्याची बोली काढणारा गिऱ्हाईक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

याच्या पलीकडची पायरी आपल्याच पूर्वजांनी गाठली होती. ज्ञानबाजीच्या जुन्या जैन पटांवर बहुधा ८४ घरे असतात आणि शिरोभागी सिद्धशिला. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात सापशिडी म्हणून रुळलेला खेळ याच कुळातला. कवड्यांनी दान द्यायचे आणि त्याप्रमाणे चढायचे वा घसरायचे. येथे हुशारीला वाव नाही, तसा हुज्जतीलाही नाही, आणि पंचाची तर गरजच नाही. अर्थात हेकट माणसाला असा खेळ बेचव लागतो, कारण भांडायचे तर कर्माशी!

तरीही नियमावर फार विसंबू नये. महाभारतातील द्यूतसभेत दुर्योधनाऐवजी शकुनी फासे टाकणार म्हटल्यावर एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे योग्य नव्हे, असा आक्षेप युधिष्ठिराने घेतला होता. आक्षेप घेऊनही तो खेळला, आणि सभेचा स्वामी धृतराष्ट्र मध्ये पडण्याऐवजी जिंकले का, जिंकले का, असे उत्सुकतेने विचारीत राहिला. सप्तव्यसनांत द्यूत पहिले मोजतात ते उगाच नाही. भिडस्त पंचाला नियम सावरतो. पण पंचाचा जीव एका बाजूत गुंतला असेल तर नियम असून नसल्यासारखाच. म्हणून ज्या घरची मुले स्पर्धेत आहेत, त्या घरच्या माणसाला पंच नेमू नये, मग तो कितीही सज्जन असो.

धार्मिक प्रश्नमंजूषेत आणखी एक अडचण येते, आणि तेथे अडून बसणारा हट्टी नसतो, बरोबरही असू शकतो. शीतलनाथ भगवंतांचे लांछन श्वेतांबर परंपरेत श्रीवत्स, तर दिगंबर परंपरेत कल्पवृक्ष मानतात. मल्लिनाथांविषयीचा मतभेद तर याहून खोल. श्वेतांबर त्यांना स्त्री-तीर्थंकर मानतात, दिगंबरांना ते मान्य नाही. खानदेशात दोन्ही परंपरांची कुटुंबे एकाच सतरंजीवर बसतात. अशा वेळी व्यासपीठावरून एक उत्तर चूक ठरविले की बक्षिसाचा वाद श्रद्धेचा होतो, आणि आधी वाचलेले नियम तेथे मुके असतात. उत्तरे कोणत्या ग्रंथाप्रमाणे धरली जातील ते कार्यक्रमपत्रिकेवर छापता येईल, किंवा दोन्ही उत्तरांना गुण देता येतील. मल्लिनाथांचा प्रश्न मात्र बक्षिसासाठी विचारूच नये. चोवीस तीर्थंकरांविषयी विचारण्याजोगे दुसरे पुष्कळ आहे.