फी माफ झाली, राहण्याचं काय?

कोथरूडमध्ये पत्ता सांगताना कर्वे पुतळा हमखास येतो. तिथून जवळच, आज कर्वेनगर म्हणतात त्या हिंगणे बुद्रुकात, देशातल्या पहिल्या महिला विद्यापीठाची मुळं आहेत. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथली ६ एकर जमीन आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले. १८९६ मध्ये सुरू झालेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये त्या झोपडीत आला. आश्रमाचे संस्थापक धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवत आणि कॉलेज सुटलं की शहरातून पायी हिंगण्याला जात.

आश्रमात येणाऱ्या बहुतेक मुली विधवा होत्या. त्यांना पाटी-पुस्तकाआधी आसरा हवा होता, दोन वेळचं जेवण हवं होतं. स्त्रीशिक्षणातली ही गोष्ट कर्व्यांना फार लवकर उमगली होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहिलं.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही झालं, अवघ्या ५ विद्यार्थिनींवर. कुलपती डॉ. रा. गो. भांडारकर, कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचा विषय, जोडीला गृहजीवनशास्त्र आणि आरोग्य. मुलींना वेगळा अभ्यासक्रम कशाला, हा टीकाकारांचा सवाल रास्तच होता. पण ज्यांच्या घरी इंग्रजीचा गंधही नव्हता, त्यांना पदवीचं दार उघडलं ते मातृभाषेनंच.

पैसा मात्र दारोदार फिरूनच जमवावा लागला. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले जेमतेम इंग्रजीवर १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या आणि संस्थेसाठी निधी गोळा केला. या विद्यापीठाच्या इतिहासात त्यांचं नाव देणगीदारांच्या बरोबरीनं घ्यायला हवं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेलं. सरकारी मान्यतेचा कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडलं.

आज हेच एसएनडीटी राज्याचं सार्वजनिक विद्यापीठ आहे. कर्वे रस्त्यावरच्या त्याच्या आवारात कला-वाणिज्य आणि गृहविज्ञानाची महाविद्यालयं आहेत. इकडे कर्वेनगरात, कर्व्यांच्याच मूळ संस्थेनं १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं.

२०२४-२५ पासून, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनानं पूर्ण माफ केलं. निर्णय मोठा आहे. पण कर्व्यांना उमगलेली आसऱ्याची आणि जेवणाची गरज आजही तशीच आहे: बीड-नांदेडहून पुण्यात आलेल्या मुलीला खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दर महिन्याला मोजावेच लागतात. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण तो मिळण्यासाठी वेळेत अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं.

कोथरूडच्या वाचकांनी इतकं करावं: ओळखीतल्या एका मुलीचा अर्ज मुदतीत भरून द्यावा आणि जमलं तर एखादीच्या वर्षभराच्या मेसचा खर्च उचलावा.