नावाची हद्द : स्क्रिप्टिंग भाषांतील व्याप्तिदोष

संगणकाच्या आज्ञावलीत एखादे मूल्य साठवण्यासाठी जे नाव योजतात त्यास चल म्हणतात, आणि ते नाव आज्ञावलीच्या जितक्या भागात ओळखले जाते तितका भाग ही त्या चलाची व्याप्ती होय. एकच नाव दोन ठिकाणी आले, की कोठे कोणते मूल्य घ्यायचे हे भाषेचा नियम ठरवतो. लिहिणाऱ्याने गृहीत धरलेला नियम आणि भाषेचा प्रत्यक्ष नियम यांत अंतर पडले म्हणजे व्याप्तिदोष उद्भवतो. या दोषाने आज्ञावली नेहमी बंद पडतेच असे नाही. पुष्कळदा ती शेवटपर्यंत सुरळीत चालते आणि चुकीचे उत्तर देते, म्हणून तो अधिक घातक ठरतो.

हा नियम दोन प्रकारचा असू शकतो, ते गावाच्या उदाहरणाने पाहू. पुणे–सातारा महामार्गावर कापूरहोळ येथून भोरकडे रस्ता फुटतो. या परिसरात पोलीस पाटील हे पद गावोगाव आहे. कापूरहोळात लिहिलेल्या अर्जात केवळ ‘पोलीस पाटलांचा दाखला जोडावा’ असे असेल आणि तो वेल्ह्यासारख्या दुसऱ्या गावी वाचला गेला, तर पाटील कोणत्या गावचे समजायचे? मजकूर जेथे लिहिला तेथील पाटील घेणे ही शाब्दिक व्याप्ती, आणि मजकूर जेथे अमलात येतो तेथील पाटील घेणे ही गतिक व्याप्ती. जॉन मॅकार्थी यांच्या आरंभीच्या लिस्प भाषेत दुसरी पद्धत होती, तर 1960च्या अल्गोलने पहिली स्वीकारली. सस्मन आणि स्टील यांनी 1975 मध्ये स्कीम ही लिस्पचीच शाखा शाब्दिक व्याप्तीवर उभारली, आणि त्यानंतर बहुतेक भाषांचा कल त्याच बाजूला राहिला. स्क्रिप्टिंग भाषा, म्हणजे छोटी कामे झटपट उरकण्यासाठी घडलेल्या भाषा, या बाबतीत मागे राहिल्या, कारण घोषणेचा एक शब्द वाचवणे हेच त्यांचे आरंभीचे आकर्षण होते. वाचवलेल्या त्या शब्दाची किंमत पुढे फार मोजावी लागली.

दूध संकलन केंद्राची बेरीज घेऊन हा फरक नीट पाहता येतो. ‘एकूण’ या चलात आरंभी शून्य ठेवले, आणि प्रत्येक उत्पादकाचे लिटर त्यात मिळवणारे एक फंक्शन, म्हणजे आज्ञांचा नाव दिलेला गट, लिहिले. हे फंक्शन पायथनमध्ये पहिल्याच उत्पादकापाशी त्रुटी दाखवून थांबते, कारण फंक्शनमध्ये कोठेही ज्या नावाला मूल्य दिले जाते ते नाव त्या संपूर्ण फंक्शनपुरते स्थानिक मानले जाते, आणि त्या स्थानिक ‘एकूण’ला बेरजेपूर्वी मूल्यच नसते, बाहेरचे चल अभिप्रेत असल्यास ‘ग्लोबल’ अशी घोषणा करावी लागते. पीएचपीमध्येही फंक्शनमधील नाव स्थानिकच असते, परंतु तेथे रिकामे मूल्य शून्य धरून बेरीज होते, इशारा मिळाला तरी काम पुढे चालते, आणि बाहेरचे ‘एकूण’ दिवसअखेर शून्यच राहते. जावास्क्रिप्टमध्ये बेरीज बरोबर येते. मात्र सावधगिरी म्हणून कोणी फंक्शनमधील बेरजेच्या ओळीच्या आरंभी ‘व्हार’ ही घोषणा लिहिली, तर अनिश्चित मूल्यात संख्या मिळवली जाऊन ‘संख्या नव्हे’ असे उत्तर येते. बॅशमध्ये फंक्शनमधील चल आपोआप बाहेरचेच असते. पण नोंदींची फाइल पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचे उत्पादन दुसरीकडे वळवणाऱ्या मार्गाने, फेऱ्यांच्या आज्ञेला पुरवली, तर त्या फेऱ्या स्वतंत्र उपप्रक्रियेत चालतात आणि तिच्याबरोबर बेरीजही नाहीशी होते. एकाच हिशेबाची ही चार उत्तरे पाहिली, की दोष शिकणाऱ्याच्या निष्काळजीपणावर ढकलणे अन्यायाचे वाटते.

दुरुस्त्या सावकाश आल्या. पर्लने 1994च्या पाचव्या आवृत्तीत ‘माय’ हा शब्द देऊन शाब्दिक चले आणली. पायथनमध्ये आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनची चले दिसण्याची सोय 2001 मध्ये आली, आणि ती चले बदलण्यासाठी ‘नॉनलोकल’ ही घोषणा 2008 मध्ये. जावास्क्रिप्टला कंसांच्या गटापुरती मर्यादित राहणारी ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ ही रूपे मिळण्यास 2015 उजाडले, म्हणजे भाषेच्या जन्मानंतर तब्बल वीस वर्षे गेली.

नियमाची हद्द कोठपर्यंत, हा प्रश्न पुण्याच्या विद्यापरंपरेला नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत गृहीत धरले जाते, त्यास अनुवृत्ती म्हणतात. आणि ‘प्रत्यय’ यासारखे शीर्षपद तिसऱ्या अध्यायाच्या आरंभापासून पाचव्याच्या अखेरीपर्यंत अधिकार चालवते. अधिकाराची खूण स्वरित स्वराने करावी असे पाणिनीने सांगितले असले, तरी प्रचलित पाठात ते स्वर उरलेले नाहीत, त्यामुळे हद्द ठरवण्यास भाष्यकारांचा आधार घ्यावा लागतो. एस. डी. जोशी आणि सरोजा भाटे यांनी अनुवृत्तीच्या तत्त्वांवर लिहिलेला ग्रंथ पुणे विद्यापीठाने 1984 मध्ये प्रसिद्ध केला. मजकुरातील हद्दीची खूण पुसली गेली, की अर्थ परंपरेच्या स्मरणावर अवलंबून राहतो. आज्ञावलीला मात्र भाष्यकार लाभत नाही, म्हणून तिच्यात ही खूण मजकुरातच असली पाहिजे.

हे सारे वर्गात कसे शिकवायचे, हा प्रश्न उरतो. कापूरहोळच्या जवळच धांगवडी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019च्या आराखड्यात प्रथम वर्षाला प्रोग्रॅमिंगची ओळख पायथनमधून करून देण्यात आली. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला व्याप्तीचा नियम मराठीत नीट समजावला गेला पाहिजे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने बॅश, पर्ल आणि पीएचपी यांचे पाठ मराठीत आणून त्याची वाट काही प्रमाणात मोकळी केली आहे. पायथन 3 मध्ये चलांची नावे देवनागरीतही चालतात, तेव्हा वर दिलेली ‘एकूण’ची बेरीज पहिल्याच तासाला फळ्यावर मांडता येईल, आणि फंक्शनमध्ये आधी ‘ग्लोबल’ ही घोषणा न लिहिता व मग लिहून दोन्ही परिणाम विद्यार्थ्यांकडून वदवून घेता येतील. पाइपमध्ये हरवलेली बेरीज पकडण्यासाठी बॅशच्या प्रात्यक्षिकात शेलचेक हे मुक्त साधन सोबत ठेवावे. उपप्रक्रियेत बदललेले चल बाहेर वापरले गेले, तर ते त्या ओळीवर बोट ठेवते.