टाकी आधी, मासे नंतर

सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबातील आठ वर्षांच्या नातवाने वाढदिवसाला मासे मागितले. कुत्र्याची जबाबदारी घरात कोणालाच नको होती आणि पक्षी पिंजऱ्यात कोंडणे आजींना मान्य नव्हते. माशांचे काही करावे लागत नाही, असे मात्र सर्वांनी गृहीत धरले. दुकान बंद झाल्यावर वडिलांनी काचेचे एक गोल भांडे, रंगीत खडे आणि दोन गोल्डफिश आणले. नवव्या दिवशी सकाळी दोन्ही मासे पाण्यावर तरंगताना आढळले.

"आजी, आपण त्यांना मारलं का?" नातवाने विचारले.

आजी क्षणभर थांबल्या. "मुद्दाम नाही रे बाळा. पण त्यांना जगायला काय लागतं, हे आणण्याआधी कुणी विचारलंच नाही."

ही गोष्ट अनेक घरांत घडते आणि बहुतेक घरांत ती दोन दिवसांत विसरली जाते. या घरात ती विसरली गेली नाही. नातवाने पुन्हा मासे मागितले, तेव्हा आजोबांनी नवा माल घेण्यापूर्वी करतात तशी चौकशी आरंभली. त्या चौकशीतून जे हाती आले, ते लहान मुलासाठी मासे घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्यासारखे आहे.

प्रथम त्या दोन गोल्डफिशांविषयी. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश हे पिल्लू असते. नीट वाढला तर तो १५ ते २० सेंटीमीटरचा होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो, उरलेले खाद्य कुजून त्यात भर घालते. लहान भांड्यातील थोड्या पाण्यात हे विष झपाट्याने साचते. शिवाय गोल भांड्याचे तोंड अरुंद असल्याने पाण्याला हवाही कमी मिळते. घरातील मंडळी पाणी गढूळ दिसताच ते संपूर्ण ओतून देत आणि नळाचे ताजे पाणी भरत. त्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. म्हणजे मासे दुर्लक्षाने मेले नव्हते, अज्ञानातून केलेल्या सेवेने मेले होते.

कमी देखभालीचा मासा म्हणून दुकानदार दुसरे नाव सुचवतात ते फायटरचे. मूळचा थायलंडकडील हा मासा पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतो, म्हणून तो लहानशा बरणीत विकला जातो. बरणीत तो तग धरतो, एवढाच त्याचा अर्थ. त्यालाही किमान १५ ते २० लिटर पाणी हवे. नर दुसऱ्या नराशी जीव जाईपर्यंत झुंजतो, त्यामुळे त्याला एकटाच ठेवावा लागतो. येथे आजींनी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारला, "हा खातो काय?" फायटर निसर्गतः किडे व अळ्यांवर जगणारा मासा आहे. शाकाहारी घरात त्याच्यासाठी प्राणिज खाद्य विकत आणावे लागले असते. फायटरचे नाव त्याच दिवशी यादीतून गेले.

झेब्रा मासा आपल्याच देशातील ओढ्या-नाल्यांतला. काटक, चपळ आणि अंगावर निळे पट्टे असलेला. पण तो थव्याने राहणारा असल्याने किमान सहा तरी हवेत, आणि पोहायला लांब टाकी हवी. निऑन टेट्रा दिसायला देखणा, मात्र पाण्यातील लहानशा बदलानेही आजारी पडतो. टाकी स्वच्छ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासा वाढून फूटभराचा होतो. शरीरात सुईने रंग भरलेले मासेही काही ठिकाणी विक्रीस असतात. ते कोणीच घेऊ नयेत.

शेवटी निवड झाली ती गप्पी माशांची. महाराष्ट्रात गप्पी अनोळखी नाहीत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते ते विहिरींत व हौदांत सोडत आले आहे. त्यांचे मूळ दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि त्रिनिदाद बेट. आपल्याकडील उबदार हवा त्यांना मानवते, त्यामुळे हीटर सहसा लागत नाही. नर जेमतेम तीन सेंटीमीटरचा व रंगीत शेपटीचा. ते सर्वभक्षी आहेत आणि शेवाळ त्यांच्या नैसर्गिक आहारात असते. त्यामुळे स्पिरुलिना, उकडून कुस्करलेला मटार, पालक असे पदार्थ ते आवडीने खातात. मात्र आजोबांनी खाद्याच्या डब्या चष्मा लावून वाचल्या, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. डबीवर स्पिरुलिनाचे नाव मोठ्या अक्षरांत असले, तरी घटकांच्या बारीक यादीत बहुधा माशांची भुकटी असतेच. आजींनी अट घातली की, स्पिरुलिना व सोयाबीनवर आधारित खाद्य मिळाले तरच मासे येतील, नाहीतर टाकी परत जाईल. शोधाशोध करून तसे खाद्य मिळाले. ज्या घराला ते मिळणार नाही किंवा ही तडजोडच पटणार नाही, त्या घराने मासे न आणणे हाही योग्य निर्णय ठरेल.

गप्पींबाबत आणखी एक सावधगिरी हवी. मादी दर महिन्याच्या सुमारास पिल्ले देते, एका वेळी वीस-तीस सुद्धा. मोठे मासे त्यांतील बरीच खातात, उरलेल्यांनी टाकी भरून जाते. म्हणून फक्त नर घ्यावेत. सहा नरांसाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी पुरते. तिची क्षमता सुमारे ४२ लिटर. पाणी, वाळू व काच मिळून वजन पन्नास किलोच्या आसपास जाते, तेव्हा ती भक्कम ओट्यावर आणि उन्हापासून दूर ठेवावी. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा साधा फिल्टर पुरेसा होतो.

खरी कसोटी पुढेच होती. टाकीत पाणी भरले, फिल्टर सुरू झाला आणि मासे मात्र सहा आठवडे आले नाहीत. अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्पंजवर वसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नातू रोज रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत असे, कारण ते कुजून निघणाऱ्या अमोनियावरच हे जिवाणू वाढतात. शेजारची मुले हसत. तपासणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच सहा नर गप्पी घरी आले.

त्यानंतर देखभाल खरोखरच थोडी आहे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य. आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी बदलणे. त्यासाठी नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवले की क्लोरीन उडून जातो. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे जिवाणू टिकतात. हे सारे आठ वर्षांचे मूल करू शकते, पण ते झाले की नाही हे रोज पाहण्याचे काम मोठ्यांचे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आजींना पाठ होते: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अरुंद भांडे, रंग भरण्यासाठी टोचलेली सुई, दाटीवाटीने भरलेली टाकी आणि विसरलेले खाद्य या गोष्टींकडे त्या त्याच नजरेने पाहत. कंटाळा आल्यावर मासे तळ्यात सोडण्यासही त्यांचा विरोध होता. तसे करणे अनेकांना अभयदान वाटते, परंतु टाकीतला मासा तळ्यात एक तर तग धरत नाही किंवा इतका वाढतो की तिथल्या माशांचे अन्न हिरावतो. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला सोपवावेत. गप्पी दोन वर्षांच्या आसपास जगतो, हेही त्यांनी नातवाला आधीच सांगून ठेवले.

दिवाळीनंतर कुटुंब तीन दिवस कुंथलगिरीच्या यात्रेला निघाले. आदल्या रात्री नातवाने दुकानातून कागद आणला, चिमटी-चिमटी खाद्याच्या तीन पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर वार लिहिला आणि त्या शेजारी नेऊन दिल्या.

"एका दिवशी एकच हं, काकू," त्याने बजावले. "जास्त घातलं की पाणी बिघडतं."